कंडोम होता, पण सुरुवातीपासून नव्हता: मग धोका नेमका कशाचा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे २८ वर्षांचे, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारे. सहा दिवसांपूर्वी परगावच्या एका ओळखीच्या स्त्रीशी त्यांचा संबंध आला. आधी तिनं मुखमैथुन केलं, तेव्हा कंडोम नव्हता. मग एक-दोन मिनिटं तसाच योनिसंबंध झाला, आणि त्यानंतर कंडोम चढवून शेवटपर्यंत. कंडोम फाटला नाही, वीर्य आतच राहिलं. घरी येऊन त्यांनी डेटॉलनं धुतलं. दुसऱ्या दिवसापासून जळजळ होतेय आणि टोकाशी दोन लाल ठिपके दिसतायत. चौथ्या दिवशी एका लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली. साखरपुडा झालाय, तुळशीचं लग्न झालं की यांचं. शेवटी एकच ओळ: ‘सर, मी वाचलो का?’

मी त्वचारोग आणि गुप्तरोगांची प्रॅक्टिस करतो. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतच असतो. तपशील बदलतात, शेवटची ओळ तीच असते. ‘वाचलो’ म्हणजे ‘एड्सपासून वाचलो’ एवढाच अर्थ त्यात असतो. माझं उत्तर असं: तुमची भीती जिथं जाऊन बसलीय तिथं धोका अगदी थोडा आहे. जिथं खरोखर थोडाफार धोका आहे, तिकडं तुमचं लक्षच गेलेलं नाही. आणि ज्या गोष्टीनं आत्ता जळजळतंय ती बहुतेक तुम्ही स्वतःच, घरी आल्याआल्या, बाटलीतून ओतलेली आहे.

सगळं मी न बघता सांगतोय, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. तुमच्या किंवा त्यांच्या अंगावर त्यावेळी जखम, फोड, चट्टा होता का? त्यांना पाळी चालू होती का? तुम्हीही त्यांच्याशी मुखमैथुन केलंत का? केलं असेल तर तुमच्या घशाचाही विचार करावा लागतो. आणखी एक, जे कुणी आपणहून सांगत नाही: तेल वापरलंत का? खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यांनी लॅटेक्सचं रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. कंडोम दिसायला अख्खा असतो, पण ताण सोसत नाही. महिनोन् महिने पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत तापलेला कंडोमही तसाच. तुम्ही ‘फाटला नाही’ म्हणता ते मी मानतो, पण नक्की बघितलं होतं की अंधारात गाठ मारून टाकून दिला, हे तुम्हालाच ठाऊक.

गुदमैथुन झाला असेल तर खालचं गणित तुम्हाला लागू नाही, विशेषतः तो करून घेणाऱ्याला. तिथला धोका कितीतरी जास्त असतो, आणि लाजेपोटी तोच तपशील डॉक्टरांपासून लपवला जातो. प्रश्न विचारणारी एखादी स्त्री असती तरी उत्तर थोडं वेगळं असतं. स्त्रियांमध्ये यातले बरेचसे आजार लक्षणं न दाखवता आत राहतात, त्यामुळे ‘काही त्रास नाही’ यावर तिथं विसंबता येत नाही. गर्भधारणेचा प्रश्न वेगळाच. त्यासाठीची आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी.

आता एचआयव्ही. त्याची भीती घालवायला धीराचे शब्द पुरत नाहीत, आकडे लागतात. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे, तिच्यावर उपचार चालू नाहीत आणि कंडोम अजिबात वापरला नाही, असं धरलं तरी योनिसंबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दर वेळेला साधारण १०,००० मध्ये ४ इतकी असते. स्त्रीला बाधित पुरुषाकडून याच्या दुप्पट, १०,००० मध्ये ८. गुदमैथुन करून घेणाऱ्याला १०,००० मध्ये १३८, म्हणूनच वर तो वेगळा काढला. तोंडातून शिश्नाला लागण होण्याची शक्यता इतकी कमी की आकड्यात मांडणंही अवघड.

पण हे सगळं ‘बाधित असेल तर’चं गणित. भारतात प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. त्या स्त्रीबद्दल काहीच माहीत नाही असं धरून दोन्ही आकडे गुणले, तर एका बिनकंडोमच्या संबंधाला एक कोटीत आठ एवढी शक्यता येते. तिच्या बाबतीत प्रमाण दहापट धरलं तरी दहा लाखांत आठ. तुमच्या प्रसंगात त्यातला बहुतांश वेळ कंडोम होता, म्हणजे आकडा आणखी खाली. जखम किंवा फोड असेल, किंवा समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल तर तो वर चढतो, हेही खरं. नुकत्याच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू फार असतो आणि त्याचं त्यालाही माहीत नसतं. उलट, बाधित व्यक्ती नियमित औषधं घेत असेल आणि तिच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला असेल, तर तिच्याकडून संबंधातून लागण होत नाही. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण औषध चालू असलेली बाधित व्यक्ती ही कधीच तपासणी न केलेल्या ‘निरोगी’ व्यक्तीपेक्षा या बाबतीत जास्त सुरक्षित.

इथं थोडं बाजूला जातो. तुम्ही लिहिलंय, ‘बाई चांगल्या घरातली आहे, तसली नाही.’ जंतूला घर कळत नाही, हे एक. आणि दुसरं, ‘तसल्या’ म्हणून तुम्ही ज्यांच्याकडे बोट दाखवताय, त्यांनी १९९० च्या दशकापासून आपल्या शेजारी सांगलीत, संग्राम ही संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांच्या कामातून, कंडोमशिवाय गिऱ्हाईक नको हा नियम वस्तीवस्तीत रुजवला. माझ्यासमोर बसणाऱ्या पुरुषांपैकी कितीतरी जण धंद्यातल्या बाईकडे कंडोम वापरतात आणि ओळखीच्या, ‘घरंदाज’ बाईकडे नाही. तुमच्याही बाबतीत ती पहिली दोन मिनिटं कशी घडली असतील याचा अंदाज मला आहे. धोका माणसाच्या दर्जावर ठरत नाही. कुठल्या कातडीला कुठली कातडी, किती वेळ, उघडी लागली, यावर ठरतो.

७२ तासांचं काय? हा भाग तुमच्यासाठी उशिराचा आहे, पण दुसऱ्या कुणाला कालच असं काही झालं असेल तर त्याच्यासाठी लिहितो. खरोखर मोठ्या धोक्याचा प्रसंग असेल, म्हणजे बाधित आणि उपचार न घेणारी व्यक्ती, फाटलेला कंडोम, गुदमैथुन किंवा जबरदस्ती, तर एचआयव्ही रोखण्यासाठी २८ दिवसांची औषधं देता येतात. ती पहिल्या काही तासांत सुरू करणं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. अशा वेळी सुट्टी आहे, उद्या बघू, असं म्हणत बसू नका. सरळ सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, आपत्कालीन विभागात जा. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर प्रसंग ऐकून ठरवतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसला असतात तरी या तपशिलांवर मी ती औषधं बहुधा दिली नसती.

मग धोका कुठं आहे? दोन ठिकाणी. एक, उघड्या तोंडाचा स्पर्श. दोन, कंडोम जिथवर पोहोचतच नाही ती कातडी.

मुखमैथुनाला बहुतेक जण ‘संबंध’ धरतच नाहीत. ‘तसं काही केलं नाही, फक्त तोंडानं’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पण परम्याचा, म्हणजे गनोरियाचा जंतू घशात आरामात राहतो, आणि तिथं तो बहुधा काहीही त्रास देत नाही. ज्याच्या घशात आहे त्याला पत्ता नसतो. तिथून तो पुरुषाच्या मूत्रमार्गात येऊ शकतो. आला तर साधारण दोन ते सात दिवसांत लघवीला आग आणि टोकातून पिवळट पू. पुरुषांमध्ये हा आजार सहसा लपत नाही, चड्डीवर डाग पाडून सांगतो. क्लॅमिडिया त्याचा शांत भाऊ: एक ते तीन आठवडे घेतो, स्राव पातळ आणि पांढुरका, कित्येकदा काहीच नाही. तोंडातून त्याची लागण तुलनेनं कमी, पण तुमची बिनकंडोमची दोन मिनिटंही मोजायला हवीत.

कातडीवरून येणाऱ्यांत पहिला हर्पीस. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात ना, तोच विषाणू तोंडातून खाली लागू शकतो. दोन ते बारा दिवसांत झुपक्यानं बारीक फोड, ते फुटून दुखरे व्रण. विषाणू पुढं शरीरात राहतो, पण जीव घेत नाही. एकदा समजून घेतलं की माणसं त्याच्याबरोबर नीट संसार करतात. चामखिळींचा एचपीव्ही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतो, अनेकदा शरीर त्याला आपोआप हुसकून लावतं; पुरुषासाठी नेहमीची अशी तपासणीही नाही, दिसलं तर दाखवायचं. खरूज आणि मोलस्कम हेही अंगाला अंग लागून येतात. रात्री सगळ्या अंगाला खाज सुटली तर ती एड्सची नव्हे, खरजेची असण्याची शक्यता हजारपट जास्त. अर्थात हॉस्टेलवर किंवा कामगारांच्या खोलीवर राहणाऱ्याला ती संबंधाशिवायही होते.

या सगळ्यांत मी सर्वात जास्त जपतो ते उपदंशाला, सिफिलिसला, जुने लोक ज्याला गरमी म्हणायचे. तो गेला असं आपण धरून चाललो होतो, पण तो कुठंही गेलेला नाही. तोंडातूनही लागतो, कंडोमबाहेरच्या कातडीतूनही. ९ ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, एक घट्ट बुडाचा व्रण उठतो. तो दुखत नाही, हीच त्याची चलाखी. जांघेत एखादं अवधाण, म्हणजे गाठ, उठतं, तेही फारसं दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत व्रण काही न करता भरून येतो आणि माणूस म्हणतो, सुटलो. नंतर काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, हातापायांच्या तळव्यांवरसुद्धा. तेव्हा पेशंट ‘ॲलर्जी झालीय’ म्हणून येतो आणि महिन्यांपूर्वीच्या एका व्रणाचा त्याला विसर पडलेला असतो. उपदंश वेळेत सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शननं पुरता बरा होतो. न सापडता लग्न झालं आणि दिवस राहिले, तर पोटातल्या बाळापर्यंत जातो. तुमच्या लग्नाच्या संदर्भात मला एचआयव्हीपेक्षा याची तपासणी चुकू नये असं वाटतं.

हिपॅटायटिस बी विसरू नका. हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो, आणि त्याच्यावर उत्तम लस आहे. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांना ती लहानपणी मिळालेलीच नाही, कारण सरकारी लसीकरणात ती देशभर पोचेपर्यंत २०११ उजाडलं होतं. घेतली नसेल, आठवत नसेल, तर पहिला डोस या आठवड्यातच घ्या. संबंध आल्यापासून १४ दिवसांच्या आत दिलेल्या लसीचा लागण टाळायलाही उपयोग होतो. पुढचे डोस एक आणि सहा महिन्यांनी.

आता तुमची जळजळ आणि ते दोन ठिपके. मी न बघता निदान करणार नाही, पण तर्क सांगतो. पहिला प्रश्न: जळजळ कातडीवर होते की लघवी करताना आतून? कातडीवर, धुताना, चड्डी घासली की, असं असेल तर डेटॉल हा पहिला संशयित. जंतुनाशक द्रावण नाजूक कातडीवर लावलं, त्यातही घासाघाशी झालेल्या कातडीवर, की ती भाजल्यासारखी होते. संबंधानंतर डेटॉल-सॅव्हलॉननं धुऊन जंतू मरत नाहीत. ते मरायच्या आधी कातडी सोलते, आणि सोललेल्या कातडीतून जंतूंना उलट वाट मिळते. साधं पाणी पुरे. शिवाय दुसऱ्याच दिवशी उठलेलं लाल, कोरडं काहीतरी हे वेळेच्या हिशोबात हर्पीसमध्ये जेमतेम बसतं आणि उपदंशात अजिबात बसत नाही. त्याच ठिपक्यांत पाणी भरलं, झुपका झाला, फुटून व्रण झाला तर मात्र वाट न बघता दाखवा, कारण ताज्या फोडातून नमुना घेता येतो, वाळलेल्यातून नाही.

आतून, लघवीला आग होत असेल तर आजच्या सहाव्या दिवशी परम्याचा विचार करायलाच हवा, पू दिसो वा न दिसो.

इथं पुरुषांची एक सवय सांगतो, कारण तुम्हीही हे करत असणार. पू येतोय का हे बघायला दिवसातून दहा-दहा वेळा टोक पिळून बघणं. पिळून पिळून मूत्रमार्ग आतून सुजतो, थोडा चिकट स्राव यायला लागतो, आणि मग ‘बघा डॉक्टर, आलाच!’ तो आणलेला असतो. उत्तेजित झाल्यावर येणारा पारदर्शक चिकट द्रवही आजार नाही, आणि शौचाला जोर केल्यावर दोन थेंब आले म्हणून धातही जात नाही. टोकाच्या कडेनं माळेसारखे बारीक मोत्यासारखे दाणे, किंवा कातडीखाली पिवळसर ठिपके हे कित्येक पुरुषांना निसर्गतःच असतात. ते आजवर बघितलेले नसतात इतकंच, कारण या आठवड्यापूर्वी मोबाईलचा टॉर्च लावून कुणी बघत नाही.

चौथ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टबद्दल. तो खोटा नाही, पण तो या प्रसंगाबद्दल काही बोलतच नाही. ऊस लावल्याच्या चौथ्या दिवशी टनेज विचारण्यासारखं आहे ते. तो रिपोर्ट एवढंच सांगतो की याआधीच्या आयुष्यातून तुमच्यात एचआयव्ही आलेला नव्हता. तेवढ्यासाठी जपून ठेवा; पुढं कधी तुलना करायची वेळ आली तर उपयोगी पडतो. शरीरात जंतू शिरल्यापासून तपासणीत दिसेपर्यंतचा काळ प्रत्येक आजाराचा वेगळा असतो, आणि माझ्याकडच्या निम्म्या घबराटीचं मूळ हे चार वेगवेगळे काळ एकात मिसळण्यात आहे.

तुमच्यासाठी मी आखला असता तो हिशोब असा. आत्ता, सहाव्या-सातव्या दिवशी, एकदा प्रत्यक्ष तपासून घेणं, सोबत व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशाची, आणि हिपॅटायटिस बीची पहिली रक्ततपासणी, आणि लस. साधारण दोन आठवडे पूर्ण झाल्यावर परमा आणि क्लॅमिडियासाठी लघवीची जनुकीय तपासणी. ती मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर होते, स्वस्त नाही, आणि आग किंवा स्राव असेल तर इतकं थांबायचंच नाही. ४५ दिवसांनी एचआयव्हीची चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली तपासणी, जी प्रतिपिंड आणि विषाणूचा अंश दोन्ही शोधते. त्या दिवशीची निगेटिव्ह मी जवळजवळ शेवटची मानतो. बोटाच्या थेंबावरची झटपट किट असेल तर मात्र ९० दिवस धरायचे. व्हीडीआरएल ४५ दिवसांना एकदा आणि ९० दिवसांना एकदा, सोबत टीपीएचए, म्हणजे उपदंशाचीच खात्री करणारी दुसरी रक्ततपासणी. हिपॅटायटिस बीची दुसरी तपासणीही ९० दिवसांनाच. मधे दर आठवड्याला लॅबमध्ये जाऊन रक्त देऊ नका. त्यातून माहिती मिळत नाही, फक्त तीन दिवस बरं वाटतं आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. हर्पीसची रक्ततपासणी कुणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. आपल्याकडं लहानपणीच तोंडाच्या हर्पीसशी गाठ पडलेले लोक इतके आहेत की तिचा निकाल पॉझिटिव्ह आला तरी त्यातून काही ठरत नाही. आणि व्हीडीआरएल कमी प्रमाणात पॉझिटिव्ह आली म्हणून हातपाय गाळू नका. इतर तापांनी, गर्भारपणानं, काही सांध्यांच्या आजारांनीही ती तशी येते. म्हणून तर टीपीएचए लागते.

दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान ताप, घसा, अंगावर पुरळ आलं तर ते एचआयव्हीचं पहिलं लक्षण असू शकतं हे तुम्ही कुठंतरी वाचलंच असेल, नसेल तर वाचाल. पण सध्या पावसाळा आहे. कोल्हापुरात या दिवसांत ताप आला तर आधी डेंग्यूची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना मागची गोष्टही सांगा, म्हणजे ते दोन्ही बघतील.

औषधांबद्दल मात्र मी कडक आहे. ‘काही झालेलं नाही, पण खबरदारी म्हणून एक कोर्स द्या’ याला माझं उत्तर नाही असं असतं. मेडिकलवाल्याकडून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिनच्या चार गोळ्या घेतल्या की तीन गोष्टी होतात: परम्याचे जंतू आता सिप्रोला सहसा दाद देत नाहीत, त्यामुळे आजार असलाच तर तो राहतो; लक्षणं तेवढी दबतात; आणि उपदंश अर्धवट मारला जाऊन त्याचा व्रण दिसायचाच राहतो. याहून वाईट म्हणजे स्टिरॉइड मिसळलेलं मलम. जांघेत गजकर्ण असो, डेटॉलची जळजळ असो की हर्पीस, आपल्याकडं सगळ्याला तीच एक ट्यूब. पहिले चार दिवस अमृत वाटतं, नंतर गजकर्ण पोटापर्यंत चढतं, कातडी कागदासारखी पातळ होते आणि खरा आजार काय होता ते मलाही ओळखू येत नाही. तुम्ही आत्ता काही लावत असाल तर थांबवा. सुती सैल चड्डी, साधं पाणी, हवं तर थोडं पेट्रोलियम जेली. आठवड्यात डेटॉलची आग जायला हवी. गेली नाही तर माझा तर्क चुकलाय असं समजून दाखवायला जा.

कुठं जायचं? कोल्हापूर तसं लहान गाव. लॅबमध्ये मामेभाऊ निघतो, रिसेप्शनवर वर्गमैत्रीण. म्हणून इथले लोक गुपचूप मिरजेला जातात आणि मिरजेचे इथं येतात. माझी काही हरकत नाही, फक्त तपासणी होऊ द्या. पण सीपीआरमधलं एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र मोफत आहे, आणि लैंगिक आजारांसाठी सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात; इचलकरंजी, गडहिंग्लजच्या सरकारी रुग्णालयांतही एचआयव्ही तपासणीची सोय आहे. तिथल्या समुपदेशकांशी बोलून बघा, हे प्रश्न ते रोज ऐकतात आणि भुवया उंचावत नाहीत. १०९७ या मोफत क्रमांकावरही बोलता येतं. शिवाय एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि कंपनीला नोकरीची अट म्हणून ती मागता येत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय, कारण एमआयडीसीतल्या पोरांना एचआरची भीती डॉक्टरपेक्षा जास्त असते.

लग्नाचं. तारखांचं गणित तुमच्या बाजूचं आहे. आत्ता श्रावण आहे. तुळशीचं लग्न होईपर्यंत तुमचे ९० दिवस भरत आलेले असतील. शेवटच्या तपासण्या मुहूर्ताआधी करून घ्या. काही कारणानं लग्न अलीकडं आलं किंवा तपासणी लांबली, तर निकाल हाती येईपर्यंत कंडोम. नव्या जोडप्याला तो पाळणा लांबवण्याच्या नावाखाली सहज वापरता येतो, कुणी विचारत नाही. त्याआधी, म्हणजे साखरपुडा ते लग्न या काळात, भेटीगाठी कुठवर जातात ते तुम्हीच जाणता. तिथंही हाच नियम, आणि फोड किंवा व्रण दिसत असेल तर तेवढे दिवस कंडोमनंही नाही.

होणाऱ्या बायकोला हे सांगायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रश्नाच्या मागं ते उभं आहेच. तो निर्णय मी डॉक्टर म्हणून घेऊ शकत नाही. ९० दिवसांचे सगळे निकाल निगेटिव्ह आले तर तिच्या आरोग्याच्या दृष्टीनं सांगण्यासारखं काही उरत नाही. पुढचा मामला तुमच्या नात्याचा. काही पॉझिटिव्ह आलं तर मात्र गप्प बसण्याची मुभा नाही. तेव्हा उपचार दोघांचे, आणि ते बोलणं कसं करायचं याला समुपदेशकांची मदत घेता येते. परगावच्या त्या स्त्रीलाही हे तितकंच लागू. तिच्याकडून तुम्हाला आलं का, एवढाच विचार तुम्ही केलाय; तुमच्याकडून तिला गेलं का, हा तिचा प्रश्न असणार. तुमच्या लघवीत परमा किंवा क्लॅमिडिया निघाला तर तिला फोन करा. स्त्रीच्या पोटात हे आजार लक्षणांशिवाय वाढून गर्भनलिका बंद करू शकतात.

डॉक्टरकडे जाताना चार गोष्टी करा. चौथ्या दिवशीचा रिपोर्ट न्या. मधे गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची रिकामी पाकिटं, लावलेल्या मलमाची ट्यूब, सगळं खिशात घाला. ‘पांढरी गोळी होती’ यावरून मला काही कळत नाही. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर त्याआधी किमान तासभर लघवी करू नका आणि धारेचा पहिला भागच बाटलीत घ्या, मधला नव्हे. नेहमीच्या लघवी तपासणीच्या हे बरोबर उलट आहे, त्यामुळे लॅबमधलं पोरगं ‘मधली धार द्या’ म्हणालं तर त्याला तपासणीचं नाव पुन्हा वाचायला सांगा. आणि आत गेल्यावर ‘मित्राला विचारायचं होतं’ अशी सुरुवात करू नका, त्यात पाच मिनिटं जातात.